नकाशावरचा एक ठिपका

माझा मित्र दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्धापूरच्या स्टँडवर नांदेडच्या बसची वाट पाहत होतो. त्याची बायको, वहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." लातूरला पोचलो, खांदा दिला, आणि वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तशीच घेऊन परतलो.

दिगंबर लातूरजवळच्या मुरुडचा. पंचविशीत पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्याचं मन तिथंच अडकलं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एक वनस्पती असते, अंगावर चुन्याचं कवच असलेली. जात एकच, पण एक प्रकार जाड कवचाचा, दुसरा पातळ. कोणता कुठं सापडतो याचा नकाशा करायचा त्याला ध्यास होता. "काळ्या रानातली ज्वारी अन् बरडावरली सारखी असती का? तसंच हाय हे," तो सांगायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मीही त्याच्यासोबत होडीत बसलो. तो पाणी काढायचा, मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचो. माझी नोकरी माती तपासणीची, म्हणून तिथंही कागदाची चिठ्ठी आणि रबरबँड. "काचेवर तेलपेन्सिलीनं लिही," तो दोनदा म्हणाला. "लई शिकवू नको लेका. हजार शेतांची माती भरलीय मी." खाऱ्या पाण्यानं कागद भिजले, दोन चिठ्ठ्या गळून पडल्या. दिगंबरला सांगायची लाज वाटली... मी अंदाजानं त्या पुन्हा लावल्या.

जाड कवचाचे सगळे ठिपके खोल पाण्यात आले, एक मात्र किनाऱ्यालगत. परीक्षकांनी त्याचा पीएच.डी.चा प्रबंध परत पाठवला, तो ठिपका वगळा म्हणाले. दिगंबरनं वगळला नाही. प्रवाह, खाड्या, पाऊस... कारणं शोधत राहिला. प्रबंध तसाच राहिला. "गोविंदा, बाटली तुझ्या हातची हाय. ती चुकायची न्हाई," म्हणायचा. मी मान हलवायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी तो नकाशा टेबलावर पसरला. त्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना तो छापायचा आहे. "रोज खोडरबर घेऊन बसायचे. हा ठिपका खोडायचे अन् परत काढायचे," त्या म्हणाल्या. तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी नकाशा माझ्याकडे फिरवला. मग खोडरबर माझ्यापुढं सरकवलं. "खोडा आता तुम्हीच."

मी नकाशा खिडकीकडे धरला. त्या एका जागेतून उजेड आरपार येत होता. ठिपक्याशेजारी 'बाटली चुकीची, चूक माझी' असं लिहून मी सही केली. खोडायला तिथं कागदच उरलेला नाही.