गिरणीवाले अण्णा आणि गोवराचा डोस

वारज्यातल्या आमच्या गिरणीवाल्या अण्णांना घराघरातली बाळं डब्यावरून कळत. खारीक दळायला आली की त्या घरात बाळंतीण आहे आणि नाचणीचा डबा आला की बाळ सहा महिन्यांचं झालं, हा त्यांचा अंदाज. झाकण उघडून ते आत बघत, मग आपल्याकडे बघत आणि विचारत, "बाळाचे डोस वेळेवर चाललेत ना?" भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ आणि पट्ट्याच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा आवाज. लग्न होऊन नवीन आलेली मी, मला प्रश्नच पडला होता की हा माणूस गिरणी चालवतो की दवाखाना.

दवाखाना महापालिकेचा, पलीकडच्या गल्लीत. तिथल्या नर्सबाई डोसाचा वार बदलला तर आधी गिरणीत सांगून जायच्या. वस्तीभर निरोप पोचवायला त्याहून सोपी जागा नव्हती.

"डोस चुकतात ते सासर-माहेरच्या मधल्या रस्त्यात," असं अण्णांचं ठाम मत होतं. पहिलटकरीण माहेरी जाते, बाळ घेऊन परत येते. माहेरच्यांना वाटतं सासरी देतील, सासरच्यांना वाटतं माहेरी दिला असेल. "आणि ज्याचा राहिलाय त्याला अजून बोलता येत नाही," असं म्हणत ते डबा काट्यावर चढवत. शेजारच्या इमारतीतल्या, विदर्भातून आलेल्या एका मुलीचं असंच झालं, तेव्हा त्यांनी तिला गिरणीतूनच आईला फोन लावायला सांगितला. माय तिकडून ओरडतेय, लेक इकडून ओरडतेय. शेवटी कळलं की डोस कुणीच दिलेला नाही. अण्णा एवढंच म्हणाले, "झालं समाधान? आता जा दवाखान्यात."

ज्या घरातला डोस राहिला असेल त्या घराचं पीठ तयार होऊनही मिळत नसे. "दळून झालंय. बाळाला आधी नेऊन आणा, मग डबा न्या." कुणी चिडलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. "अहो, पोळ्या उद्या खाल्ल्या तरी चालतं," म्हणत. लोक रागावत, कुरकुरत आणि दवाखान्यात जात.

माझ्या सासूबाईंशी मात्र गाठ पडली. वारजे खेडं होतं तेव्हापासूनचं आमचं घर आणि त्या घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा. माझ्या रेवाला पहिल्या डोसांच्या वेळी ताप आला होता. सासूबाई मांडीवर घेऊन बसायच्या, तिच्याबरोबर स्वतःही रडायच्या. साडेतीन महिन्यांच्या डोसानंतर त्यांनी जाहीर केलं, "आता बास. धडधाकट पोरीला ताप आणायचं औशिद कशापाई?" नववा महिना संपला, गोवराचा डोस राहिला. मी सांगून थकले. आमचे हे आईसमोर आईचं बरोबर म्हणत आणि माझ्यासमोर माझं.

अण्णांनी आमचा ज्वारीचा डबा अडवला.

"माझं पीठ द्या," सासूबाई म्हणाल्या.

"रेवाचा डोस?"

"आमच्या घरचं आमी बघू."

त्या तडक हायवेजवळच्या दुसऱ्या गिरणीत गेल्या. तिथलं पीठ गरम, त्याला विरी नाही. भाकरी थापता थापता चिरायची. आठवडाभर आम्ही भाकरीचे तुकडे खाल्ले, पण ब्र काढायची कुणाची हिंमत नव्हती. शेवटी सासूबाईंनीच रेवाला कडेवर घेतलं, मला डबा उचलायला सांगितलं आणि आम्ही पुन्हा अण्णांपुढे उभ्या राहिलो.

मला वाटलं, आता टोमणा येणार. अण्णांनी पट्टा थांबवला.

"वहिनी, मला एक धाकटी बहीण होती. शेवंता. नुकती रांगायला लागलेली. तिला गोवर आला. आईनं लिंबाचा पाला बांधला, देवीची ओटी भरली. तेव्हा आमच्या गावात लस नव्हती. गोवर गेला, पण छातीत कफ झाला आणि ती गेली. मीच तिला पाठीवर घेऊन फिरायचो." त्यांनी रेवाकडे पाहिलं. "ताप उतरतो, वहिनी. तुम्हाला भीती वाटते ते कळतं मला. मलाही वाटते."

सासूबाईंनी मला डबा तिथंच ठेवायला सांगितलं आणि रेवाला घेऊन घरी वळल्या. पुढच्या डोसाच्या वारी मला उठवायच्या आधीच त्यांनी रेवाला अंघोळ घालून तयार केलं होतं.

नंतर एक दिवस थोडा ताप आला आणि उतरलाही. दुसऱ्या दिवशी भर कामाच्या वेळी गिरणी बंद करून अण्णा आमच्या दारात, खांद्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा.

"ताप?"

"आला व्हता. उतरला. खेळतीया बघा."

अण्णा बराच वेळ रेवाकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी डोळे पुसले. डोळ्यांत पीठ गेल्याचा बहाणासुद्धा केला नाही. चहाला मात्र थांबले नाहीत. डबे खोळंबलेत म्हणाले.

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. गिरणीच्या जागी केकचं दुकान आलंय. मला त्या रस्त्यानं जाताना अजून चुकचुकल्यासारखं होतं. सासूबाई हल्ली डोसाच्या वारी शेजारपाजारच्या सुनांबरोबर दवाखान्यात जातात. परवा एक मुलगी बाळाला छातीशी धरून दारातूनच परत फिरत होती. ताप येईल म्हणत होती. सासूबाईंनी तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं.

"आमच्या शेवंताला तवा ही लस मिळाली असती ना," त्या म्हणाल्या, "तर आज माझ्याएवढी असती."