आधी आमचं बीड कापून दाखवा

मशीन घ्यायचं होतं आणि ते बघायला मी गेले, कारण दुसरं कुणी जाईना. लोक आता म्हणतात ही बाई पहिल्यापासून धीट, पण तसलं काय नाय. नववी नापास होऊन शाळा सोडलेली मी, इंग्लिश वाचायचं तर एकेक अक्षर जुळवत जाते, आणि वर कडेवर दीड वर्षाची पोरगी.

आमचा गाळा शिवडीला, घर लालबागला चाळीत. सासरे गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणायचे. संप झाला तेव्हा मी स्वतः पाळण्यात होते, पण ह्या घरात अजून सगळं संपाच्या आधी नाहीतर संपानंतर असंच मोजतात. संपानंतर त्यांना परत आत घेतलं नाही. मग त्यांनी शिवडीत एक जुनं लेथ टाकलं, नंतर एक मिलिंग मशीन, आणि लोकांची कामं करायला लागले. गिऱ्हाईक कच्चं कास्टिंग पाठवणार, आपण तो जॉब मशीनवर घट्ट बांधायचा, त्याचं तोंड सपाट करायचं, भोकं पाडायची, परत पाठवायचा. आमच्याकडे जास्त करून पंपाच्या बॉड्या. सगळं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. दिवसभर कापलं की नाकातून पण काळं येतं.

पुढे गाळा ह्यांनी हातात घेतला. हे म्हणजे माझा नवरा. आणि मग ह्यांचा उजवा हात मिलिंगवर गेला. सगळा नाही, अंगठा आणि करंगळी राहिली. फिरत्या कटरसमोर हातमोजा घालून उभं राहायचं नसतं, तो मोजा ओढला जातो आणि त्याच्याबरोबर हात, हे मला ठाऊक नव्हतं. बीड हाताला लागतं म्हणून तो मोजा मी शिवून दिला होता. जुन्या चादरीचा. आणि ह्यांनी, ठाऊक असून, मी दिला म्हणून घातला.

चार महिने हे गाळ्याकडे फिरकले नाहीत, सासरे एकटेच काम रेटत होते. भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यात गिऱ्हाइकाचा निरोप आला की हँडल फिरवून केलेल्या कामात आता फरक येतो, ते चालणार नाही, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन लावा नाहीतर दिवाळीनंतर माल दुसरीकडे देऊ. आमचं ते एकच मोठं गिऱ्हाईक.

सासरे म्हणाले, "देवन टाकूया गाळो. कोणतरी हापिस काढीत."

मी भाकऱ्या थापत होते, तशीच उठले. म्हटलं, "बाबा, त्या नव्या मशीनला बटणं असतात ना? बटणं डाव्या हाताने पण दाबता येतात."

"आणि जॉब कोण बांधतलो? तुझो बापूस येतलो?"

"मी बांधीन. हे उठेपर्यंत मी बांधीन."

भिंतीकडून आवाज आला, "तुला काय समजतं त्यातलं?"

"नाय समजत. जाऊन बघते. बघायला काय शिक्षण लागतं?"

बोलून तर गेले. पण आता जाणार नाय म्हटलं असतं तर गाळा गेलाच होता, आणि गाळा गेला असता तर हे त्या भिंतीकडून कधी वळलेच नसते. हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी गाळ्यात जाऊन सुतळीने मापं घेतली. शटरची रुंदी एक गाठ, उंची दुसरी गाठ, भिंतीपासून खांबापर्यंत तिसरी. आकडे लिहिले असते तर चुकले असते, सुतळी चुकत नाही. एक पंपाची बॉडी घेतली, बाजाराच्या पिशवीत घातली, ती सासऱ्यांनी उचलली, पोरगी मी उचलली, आणि गेलो प्रभादेवीला.

तिथे एका बंद गिरणीच्या शेडमध्ये मशीनवाल्यांनी शोरूम केलं होतं. काचेचा दरवाजा, एसी, गुळगुळीत फरशी. सासरे आत शिरल्या शिरल्या थांबले, वर बघत राहिले. "हय साचे होते," म्हणाले. "खांब बघ, तेच खांब." टाय लावलेला सेल्समन पुढे आला, आमच्या चपलांकडे बघितलं, आणि विचारलं, "साहेब नाही आले?"

"मीच आले."

त्याने आम्हाला पांढऱ्या मशीनपाशी नेलं. कपाटाएवढं, आत दिवा, टेबल इकडून तिकडे सुर्रकन पळायचं. वीस टूल, आपोआप बदलणार, स्पीड एवढा, अमुक तेवढं, तो बोलत राहिला आणि मी मान हलवत राहिले, खरं सांगायचं तर काय कळत नव्हतं. मग त्याने ॲल्युमिनियमचा तुकडा लावला आणि बघता बघता त्याचं फूल कापून काढलं. चकाचक. "हे बेबीला," म्हणत पोरीच्या हातात दिलं. पोरगी खूश, सासरे खूश, मी पण होच म्हणणार होते.

मग पोरीने ते फूल तोंडात घातलं आणि मी ते काढून घेतलं तर ते हाताला इतकं हलकं लागलं की माझं डोकं ठिकाणावर आलं. आम्ही कुठे फुलं कापतो?

पिशवीतली बॉडी काढून त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवली. "आता हे कापा."

तो मागेच सरकला. "अहो मॅडम, हे डेमो मशीन आहे. टेबल सरकतं त्या स्लाइडमध्ये बिडाची पूड जाते, मशीन खराब होतं."

"आमच्याकडे तर ती रोज जाणार."

"तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"नववी नापास. पण मशीन माझ्या गाळ्यात येणार आहे ना?"

तो हसला. म्हणाला फॅक्टरीत पाठवून टेस्ट करता येईल, पंधरा-वीस दिवस लागतील, तोपर्यंत बुकिंग करून टाका, दसऱ्याचा मुहूर्त आहे. सासऱ्यांना मुहूर्त पटला, त्यांनी मान डोलावली. मी तिथल्या सोफ्यावर बसले, पोरीला मांडीवर घेतलं, डब्यातला वरणभात काढला. "पोरगी भुकेली आहे, तिला वेळ लागतो. तुम्ही तोवर मॅनेजरला विचारून या." घास पोरीच्या गालाला लागत होता, पण उठले नाही. मॅनेजर आला, सोफ्यावर सांडलेला भात बघितला, आणि मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला म्हणाला, "लाव रे त्यांचा जॉब."

ऑपरेटरने आधी नखाएवढा पातळ कट घेतला. छान आला. सासरे म्हणाले, "इतक्या बारीक आमी घेनव नाय. दोन मिलिमीटर घे." घेतला, आणि मशीन किंचाळलं. सेल्समन म्हणाला, आवाज नॉर्मल आहे. सासऱ्यांना तो आवाज नीट ऐकूच आला नाही, साचाखात्यातल्या खडखडाटाने त्यांचे कान कधीच गेलेत. तिथे सगळेच तसे, बोलायचं ते ओठांकडे बघून आणि साचा तपासायचा तो हात ठेवून. त्यांनी पुढे होऊन मशीनच्या अंगावर तळवा ठेवला.

"काका, हात नका लावू!"

"मगे कळतला कसा? कान काय करतले?" आणि माझ्याकडे वळून, "थरथरता गो. ह्या आमच्या बिडाचा नाय."

कोपऱ्यात एक दुसरं मशीन होतं, मध्यम मापाचं, राखाडी, बुटकं. ते सेल्समन दाखवतच नव्हता. म्हणाला, जुनं डिझाइन, स्लो आहे, टूल पण सोळाच. मी म्हटलं, आमच्या जॉबला सहा लागतात. ऑपरेटर हळूच म्हणाला, "ताई, हे वजनाला भारी आहे. त्या पांढऱ्याला टेबलाखाली बारीक रूळ आहेत, ह्याला जाड सपाट पट्ट्या. पळणार नाही, पण बीड कापेल." त्याने बॉडी उलटी करून बांधली, तोच दोन मिलिमीटर. नुसता घूं असा आवाज. सासऱ्यांनी तळवा ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ काढलाच नाही.

"ह्या घे," म्हणाले.

"थांबा बाबा, माझं नाय झालं."

पोरगी त्यांच्याकडे दिली. उजवा हात पदरात गुंडाळून कमरेला खोचला, गच्च. आता डाव्या हाताने दार ओढलं. आलं. बटणांचं पॅनल फिरून डावीकडे येत होतं, पोचलं. मग बॉडी उचलून व्हाइसच्या पकडीत ठेवली आणि पाना फिरवायला गेले तर बॉडी सरकायची, धरायला गेले तर पाना सुटायचा. तीनदा केलं. घाम फुटला. सेल्समन हसू दाबत होता. "मॅडम, हात सोडा ना. हे कशाला?"

"माझ्या माणसाला सोडता येणार नाय."

ऑपरेटर म्हणाला, पायाने दाबायचा व्हाइस येतो, पेडल दाबलं की जॉब धरतो. सेल्समन म्हणाला, तो ह्याच्या किमतीत धरलेला नाही. मी म्हटलं, "मग धरा. तो नसेल तर मशीन पण नको, आणि मुहूर्त तुमच्याकडेच ठेवा." सुतळी काढून मशीनभोवती लावली. गाळ्यात मागे वीतभर जागा कमी पडत होती, मशीनच्या पाठीचं इलेक्ट्रिकचं दार उघडलं नसतं. ऑपरेटर म्हणाला तिरकं बसवा. तसंच बसवलं.

मशीन दसऱ्यानंतर आलं. सासऱ्यांनी तरी नारळ फोडलाच. तोच ऑपरेटर शिकवायला यायचा, तीन दिवस मी आणि सासरे जॉब लावत होतो. दिवाळीला आठवडा राहिलेला, सँपल पाठवायचं, आणि भोकं काय नीट येईनात. चौथ्या दिवशी मी बॉडी ठेवून पेडलवर पाय टाकणार, तर मागून आवाज.

"खाली कापलेल्या बिडाची चिप अडकली आहे. दिसत नाय? तशीच बांधतेस, मग वाकडं नाय येणार तर काय?"

हे शटरपाशी उभे होते. दाढी वाढलेली. मी म्हटलं, "येवढं दिसतं तर पुढे येऊन करा."

आले. उजवा हात खिशात ठेवूनच आले. डाव्या हाताने फडकं घेतलं, खालचं पुसलं, बोट फिरवून बघितलं, परत पुसलं. बॉडी ठेवली, पेडल दाबलं. दार ओढलं. पॅनलवर जरा चाचपडले, ऑपरेटर पुढे व्हायला लागला तर मी त्याचा शर्ट धरला. हिरवं बटण ह्यांनीच दाबलं.

जॉब निघाला. आता मापायचं तर एका हातात मापाचा व्हर्निअर, मग बॉडी धरायला दुसरा हात लागतो. तेव्हा तो हात खिशातून बाहेर आला, सगळ्यांसमोर, अंगठा आणि करंगळीने बॉडी दाबून धरली आणि भोकं मापली. एकदा, दोनदा.

"बरोबर आहे," म्हणाले. "दुसरी आण."