मंगळाचं पोवळं

सौंसरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणारे काका गाडी अनामिकेने दाखवतात, कारण त्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी आहे. "पांढुर्णा? ते पाहा!" म्हणत हात असा फिरवतात की प्रवासी गाडीऐवजी अंगठीच बघतो. मी कॉलेजला जायचो, तेव्हा नागपूरच्या गाडीत माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरणारे हेच काका.

यंदा सुट्टीत त्यांनी विचारलं, "काय शिकून राहिला, बाबू?"

"पोवळी वाचवायला, काका. समुद्र तापला की ती मरतात. जी तगतात, त्यांची जनुकं शोधायची आणि त्यांचीच पिल्लं वाढवून समुद्रात सोडायची."

"पिल्लं? म्हणजे जीव आहे का थो?"

"जीवच. अंगठीत असतो तो त्याचा सांगाडा."

काका दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाणारे, अंड्यालाही न शिवणारे. त्यांनी अंगठी काढून माझ्या हातात ठेवली. "तपासून सांग. खरं असन तं हाड घालून मारुतीसमोर गेलो. खोटं असन तं मंगळ कोपला."

पुढच्या खेपेला मी आलो, तर काका हनुवटीने गाड्या दाखवत होते.

"प्रयोगशाळेत पाहिलं, काका. प्लास्टिक आहे."

"म्हणजे कोणाचा जीव नाही गेला!" ते हसले. मग चेहरा पडला. "अन् मंगळ?"

मी अंगठी परत दिली. काकांनी अंगठी शर्टाला पुसली, बोटात घातली आणि खिडकीतून पुढे वाकले.

"तू बोलू नको कुठं. इतक्या दुरून त्याले काय दिसते!"