पोरीच्या वजनाचं पीठ

आमच्या बेलापुरातला गिरणीवाला गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतो. पत्नी गेल्यावर मी पहिल्यांदा एकट्यापुरतं दळण नेलं, तेव्हा डबा हातात घेऊन तो "सर, येवढंच?" म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

त्याच्या तान्ह्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. चैत्रात तिला छातीशी बांधून वणीच्या गडावर पायी न्यायचं, असा नवस त्याने केला आहे. सराव म्हणून तो तिचं गिरणीच्या काट्यावर वजन करतो, तेवढंच पीठ पिशवीत भरतो आणि पिशवी झोळीत बांधून रोज संध्याकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत चालून येतो. दळणाला आलेल्या बायका चिडवतात, "काय वो भाऊ, पीठ फिरायला निघालं का?"

"हसा. चैत्रापर्यंत पोरगी दुप्पट हुईल. खांद्याला आत्ताच सवय पायजे, व्हय का न्हाई, सर?"

मी मान हलवायचो.

काल गेलो तेव्हा मुलगी काट्यावर निजली होती. रडतही नव्हती. त्याने आकडा पाहिला, काटा पुसला, पुन्हा पाहिला. बायकोने मुलीला उचलून घेतलं. मग त्याने पिशवीचं तोंड सोडलं आणि तिच्यातलं ओंजळभर पीठ काढून ठेवलं.

"गडाला पायऱ्या लई हायत, सर. हलकंच बरं," असं म्हणत, बायकोकडे न बघता, तो झोळीची गाठ मारू लागला.