पेंगणारा वर्ग

कणकवलीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचे, तेव्हाची, दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. आमच्या प्राचार्यांनी कुठल्याशा परिषदेत कॉम्प्युटरमधला वर्ग पाहिला आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. पडद्यावर वर्ग, त्यात मुलांच्या बाहुल्या, समोर माझी बाहुली. उद्या वैभववाडीची मुलं घरबसल्या शिकतील, असं ते ज्याला त्याला सांगत. तूर्तास इंटरनेट फक्त लॅबमध्ये होतं. म्हणून मी आणि वीस मुलं एकाच खोलीत, भिंतींकडे तोंडं करून, चकार शब्द न बोलता टाइप करत बसायचो. माझा जीव गुदमरायचा. पण पुढच्या वर्षीची नेमणूक यावरच लटकलेली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

संस्थेची मंडळी तास पाहायला येणार त्या दिवशी प्राचार्यांनी मला बजावलं, "मॅडम, घंटा होईपर्यंत मागे वळायचं नाही. तोंडानं एक शब्द नाही."

मंडळी आत आली तशी मुलं सवयीनं उभी राहिली. पाहुणा आला की उठायचं आणि 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं; मीही तेच शिकवलेलं. पण पाहुण्यांचे डोळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. बसा कोणी म्हणेना. इकडे कळ दाबली नाही की पडद्यावरची बाहुली थोड्या वेळानं आपोआप मान टाकते, आणि उभ्या मुलांचे हात कळांवर नव्हते. एकेक करत वीसही बाहुल्या पेंगायला लागल्या. माझी तेवढी हात हलवत मागणीचा नियम समजावत होती.

मी वळून 'बसा' म्हटलं असतं तर संपलं असतं. ओठांवर आलेला शब्द गिळला आणि टाइप करत राहिले.

घंटा झाल्यावर पाहुणे प्राचार्यांना म्हणाले, "वर्ग झोपला तरी मॅडम थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षीही याच राहू देत." म्हणजे आणखी एक वर्ष, त्याच बाहुलीत.

मंडळी गेल्यावर धामापूरची एक मुलगी पोटऱ्या चोळत माझ्याजवळ आली. "मॅडम, आमी इतको वेळ उभी रवलंव, तुमका कळाक नाय?"

"पाठ होती गो माझी."

"तां खरां," म्हणाली आणि सॅक उचलून एसटी गाठायला निघाली. तिला ते पटलं, याचीच मला जास्त लाज वाटली. पहिली बाहुली पेंगली तेव्हाच मला कळलं होतं.