धाकटीच्या गाडीचा परवाना

त्या गावात गाडी चालवायला शिकवणारी एकच बाई होती आणि तिच्या माघारी सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे. शिकवणीच्या गाडीत तिच्या बाजूला एक जादा ब्रेक बसवलेला होता आणि तिचा पाय त्यावरून सहसा हलत नसे. गावातले डॉक्टर, बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, सगळे कधी ना कधी तिच्या शेजारी बसून घामाघूम झालेले. तिला हे नाव ठाऊक होतं. वरवर नाक मुरडायची, पण आतून आवडायचंही.

घरी ती थोरली. पाठची एकच बहीण, धाकटी. ती पडदे शिवायची. आई लहानपणीच गेली, तेव्हा दोघींना मावशीनं वाढवलं. पुढं मावशीच्या यजमानांना नदीपलीकडे नोकरी लागली आणि मावशी तिकडचीच झाली. नदीपलीकडे म्हणजे दुसरा देश. पुलाच्या अलीकडे एक चौकी, पलीकडे दुसरी.

मावशीकडे जायची ती थोरलीच. बसनं पुलापर्यंत, मग पिशव्या उचलून पायी पूल ओलांडायचा, दोन्हीकडे रांगेत उभं राहायचं, पुन्हा पलीकडची बस धरायची. मावशीची औषधं, गुडघ्याला बांधायचा पट्टा, लोकर, सगळं हिच्या हातून पोचायचं. धाकटीला बस लागायची. ती म्हणायची, "ताई, मी आले तर मावशीला माझंच करावं लागेल." थोरलीला हे निमित्त वाटायचं, पण बोलून दाखवत नसे. मावशी आपल्या एकटीच्या वाट्याला आली आहे, यात तिला एक समाधान होतं आणि ते तिनं जपून ठेवलं होतं.

मग सरकारनं पुलावरून खासगी गाड्या सोडायला सुरुवात केली. परवाना काढा, स्वतःची गाडी घेऊन पलीकडे जा. थोरली पहिल्याच आठवड्यात कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं तिचे कागद उलटेपालटे करून परत सरकवले.

"बाई, ही गाडी धंद्याची. परवाना फक्त घरगुती गाडीला."

"अहो, मी शिकवते गाडी. निम्म्या गावाला मी शिकवलंय."

"म्हणूनच तर," कारकून म्हणाला.

ती गोष्ट तिनं घरी कुणाला सांगितली नाही. पुढच्याच महिन्यात धाकटी तिच्याकडे आली, हातात अर्ज, चेहरा फुललेला. तिची छोटी निळी गाडी होती, कागदोपत्री घरगुती. पडद्यांचे गठ्ठे पोचवायला घेतलेली. नवऱ्याची नजर अधू, त्यामुळे गाडी तीच चालवायची.

"ताई, सगळं झालं बघ. फक्त तुझा दाखला हवाय. पलीकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात ना, तर तशी चालवता येते असं मान्यताप्राप्त शिक्षकानं लिहून द्यायचं. आणि मान्यताप्राप्त म्हणजे तूच."

थोरलीनं अर्ज उलटून पाहिला. आयुष्यभर चौकात गाडी बंद पाडणारी ही पोरगी पुलावरून गाडीतून जाणार, मावशीच्या दारात उतरणार, आणि आपण पिशव्या घेऊन पायी. वर दाखला आपणच द्यायचा. "बघू," एवढंच ती म्हणाली.

रविवारी बाजाराच्या रिकाम्या मैदानात तिनं धाकटीची परीक्षा घेतली. चुन्यानं रस्ते आखले, वळणं ठेवली. धाकटी चांगली चालवत होती. खरं तर फारच चांगली. थोरली चूक शोधत राहिली आणि शेवटी एका वळणावर धाकटीनं आरशात बघायला जरा उशीर केला, तेवढ्यावर तिनं तिला नापास केलं.

धाकटीनं वाद घातला नाही. "तू म्हणतेस म्हणजे कच्चं असणारच," ती म्हणाली. "मला शिकव." मग पुढचे काही दिवस थोरलीला तिला शिकवावं लागलं. शिकवताना तिला राग यायचा आणि शिकवणं तर अंगातच भिनलेलं, त्यामुळे रागारागानं ती चांगलंच शिकवून गेली. दुसऱ्या वेळी नापास करायला आरसाही उरला नाही. दाखला द्यावाच लागला.

"ताई, तूही चल," धाकटी म्हणाली. नको म्हणावं असं थोरलीच्या ओठावर आलं होतं. पण मग मावशी आणि धाकटी दोघीच बसतील, गप्पा मारतील, हे डोळ्यांपुढं आलं आणि ती तयार झाली.

पुलावरच्या शिपायानं परवाना पाहिला, धाकटीला सलाम ठोकला आणि "प्रवास सुखाचा होवो, मॅडम" म्हणाला. याच शिपायानं थोरलीच्या पिशव्या कितीतरी वेळा उपसून पाहिल्या होत्या. त्यानं तिच्याकडे ओळखीचं हसूनसुद्धा पाहिलं नाही. पलीकडे गेल्यावर धाकटीनं गाडी सफाईदारपणे उजवीकडे घेतली. थोरलीचा पाय सवयीनं पुढं गेला. तिथं ब्रेक नव्हता, नुसती रबराची चटई.

मावशी फाटकाशीच उभी होती. धाकटी उतरली तशी तिनं तिला मिठी मारली, तिचे गाल कुरवाळले, गाडीभोवती फिरून टपावरून हात फिरवला. "माझं लेकरू गाडी चालवत आलं," असं शेजारणीला दोनदा सांगितलं. मग थोरलीकडे वळून म्हणाली, "तू आलीस होय? ये. औषध आणलंस का?"

एवढंच. थोरलीनं औषधाची पुडी तिच्या हातात ठेवली.

चहा पिताना धाकटी मावशीला सांगत होती, "ताईनं मला आधी नापास केलं, माहितीये? म्हणून तर नीट शिकले. दुसरी कुणी असती तर बहीण म्हणून सोडून दिलं असतं." मावशी कौतुकानं थोरलीकडे बघायला लागली. थोरलीला चहा कडू लागला. कप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला.

धाकटीनं मावशीसाठी पडदे शिवून आणले होते, फिकट हिरवे. ते लावायला ती लगेच स्टुलावर चढली. या घरातले खिळे ठोकायचे, दिवे बदलायचे, ही कामं आजवर थोरलीची होती. स्टूलही तिनंच एकदा दुरुस्त केलं होतं आणि त्याचा एक पाय अजून डगमगतो हे तिला माहीत होतं.

"ताई, जरा स्टूल धर गं," बाहेरून हाक आली.

थोरलीनं हाक ऐकली. हातातला कप धुतला, पुसला आणि दुसरा घेतला. मावशी धरेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मावशीचे गुडघे तिला माहीत नव्हते असं नाही. धाकटीनं आणखी एकदा हाक मारली. थोरलीनं नळ थोडा मोठा सोडला.

मग धडाम असा आवाज आला.

उजवं मनगट मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालताना धाकटी ओठ दाबून बसली होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर म्हणाली, "नळाच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसेल."

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. थोरलीनं तोंड उघडलं आणि जे निघालं त्यानं तिची तीच दचकली.

"ऐकू आलं होतं."

धाकटीनं मान खिडकीकडे फिरवली.

परतायचं कसं हा प्रश्न होताच. परवान्यावर चालक म्हणून एकट्या धाकटीचं नाव. जन्मभर गाडी शिकवणाऱ्या बाईला त्या देशात त्या गाडीचं चाक धरायची मुभा नव्हती. गाडी मावशीच्या फाटकात ठेवून दोघी बसनं निघाल्या. धाकटीला बस लागली. थोरलीनं एका हातानं तिचं कपाळ धरलं, दुसऱ्या हातानं पिशवी. तेव्हा तिला कळलं की हे निमित्त कधीच नव्हतं.

गाडी आणायची तर परवान्यावर दुसऱ्या चालकाचं नाव चढवावं लागणार होतं आणि त्यासाठी मालकिणीची संमती. थोरली दोनदा धाकटीच्या घरी गेली. दोन्ही वेळा मेहुणे म्हणाले, "झोपलीय." आतून शिलाई मशीनचा थांबत थांबत आवाज येत होता. एका हातानं चालवत असणार.

तिसऱ्या वेळी धाकटी स्वतःच दारात आली. "तुला इतकं वाईट वाटत होतं तर बोलायचंस ना," ती म्हणाली. "शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं."

"काय बोलणार? गाडी तुझी. मावशीनं मिठी तुला मारली."

"तिनं मला किती वर्षांनी पाहिलं, ताई. तुला ती दर महिन्याला बघते. तुझी तिला सवय झालीय."

"तेच तर," थोरली म्हणाली.

धाकटीनं संमतीच्या कागदावर डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. थोरलीला स्वतःचा दाखला स्वतः देता येईना, म्हणून पुढच्या गावच्या शिकवणीवाल्याकडे जावं लागलं. वयानं तिच्यापेक्षा लहान. त्यानं तिला तासभर पिदवलं आणि दोन चुका काढल्या. चुका खऱ्या होत्या. तिनं त्या लिहून घेतल्या.

परवाना हातात आला तेव्हा त्यावर तिचं नाव धाकटीच्या नावाखाली होतं, बारीक अक्षरात.

ती बसनं मावशीकडे गेली. एक पडदा तसाच घडी घालून ठेवलेला होता. तो तिनं लावला. मावशी गुडघे दुखत असतानाही स्टूल धरून उभी राहिली आणि सगळा वेळ धाकटीच्या हाताबद्दलच विचारत होती. निघताना तिनं लोकरीचा मोजा दिला, प्लास्टरबाहेरच्या बोटांना थंडी वाजू नये म्हणून विणलेला. थोरलीसाठी काही नव्हतं. नेहमीच्या जागी नेहमीसारखी कळ उठली. तिनं मोजा शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

पुलावर कडेनं माणसं पिशव्या घेऊन चालली होती. शिपायानं सलाम ठोकला. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. इतका की पूल ओलांडल्यावर डावीकडे यायचं ती क्षणभर विसरली आणि समोरच्या ट्रकवाल्यानं तिची आई काढली.

धाकटी दारातच उभी होती. तिनं आधी गाडीला चारी बाजूंनी पाहिलं, मग बहिणीला.

"कशी चालते?"

"क्लच जरा वरच धरतो. मेकॅनिकला दाखव."

"तो तसाच आहे. मला सवय आहे." धाकटीनं किल्लीसाठी डावा हात पुढं केला. किल्ली देताना थोरलीनं मोजाही दिला. खिशात ठेवून विसरल्याचं सोंग करायचा विचार वाटेत दोनदा मनात येऊन गेला होता. "मावशीनं विणलाय. तुझ्यासाठी."

पुढं परवान्याचं नूतनीकरण झालं तेव्हा दोन्ही नावं राहिली. आता एका खेपेला जाताना धाकटी चालवते, येताना थोरली, आणि पुढच्या खेपेला उलट. या खेपेला जातानाचा पूल कुणाचा यावरून दोघींची दर वेळी जुंपते. धाकटी चालवत असते तेव्हा थोरलीला अजूनही मनातून वाटतं की हिनं पुलावर एकदा तरी गाडी बंद पाडावी. धाकटीला हे माहीत आहे. ती पूल आला की गाणं गुणगुणत, मुद्दाम सावकाश नेते.