गाठीचा घास

आईच्या छातीतली गाठ काढायची ठरली तेव्हा मी मुंबईची कॉन्व्हेंट शाळा संपवून रत्नागिरीला घरी आले होते. कॅन्सर हा शब्द बाबांनी घरात कोणालाच उच्चारू दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते, "बाई फार अशक्त आहेत. आत्ता कापलं तर जखम भरायची नाही. दूध, अंडी, मासे पोटात जाऊ देत. वजन वाढलं की करू. पण फार थांबताही येणार नाही."

स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात होतं. बाबांची ही विधवा बहीण आमच्याकडेच राहायची. बाबा बंदरावरून मुडदुशे आणायचे, आजाऱ्याला हलका मासा म्हणून. दूध, अंडीही येत होती. तरी पुढच्या खेपेला दवाखान्याच्या काट्यावर आई आणखी हलकी भरली.

मी कमी बोलायची, त्यामुळे माझ्यासमोर माणसं बेसावध असत. मी पाहू लागले. आईच्या वाटीत कालवणाचं नुसतं वरचं पाणी. तुकडे बाबांच्या आणि माझ्या ताटात. दुधावरची साय माझ्या भातावर, आणि आईला पेजेची निवळ. वाढताना आत्या माझ्याकडे पाहत नसे. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. आई गेली तर हे घर कोणाच्या हाती जाणार होतं? बाबांशी बोलायचा धीर होईना. बहिणीबद्दल त्यांनी असलं ऐकून घेतलं असतं का?

एका दुपारी बाबा बाहेर असताना मी माझ्या ताटातला तुकडा आईच्या वाटीत टाकला. आत्याने तो काढून घेतला.

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर कापून मोकळा होईल, बाय. गाठ वाढते ती अन्नावरच ना? तिला पोसायची, मग कापायची, ही कुठली रीत?"

"तुला आई नकोच आहे घरात."

आत्याने तुकडा परत माझ्या ताटात ठेवला. बोलली ती आई. "त्यांना कशाला बोलतेस? मीच सांगितलं वन्संना. उपाशी ठेवली की सुकेल."

"तू सुकते आहेस."

"मोठी आली शिकून."

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आईचं पान आपल्या समोर मांडायला लावलं. नवऱ्यासमोर जेवायची तिला सवय नव्हती. मान वर होत नसे, आणि नाही म्हणणंही जमत नसे. ती खाली बघून गिळायची. आत्या अंडी उकडून द्यायची आणि मागीलदारी निघून जायची. मी आईच्या पाटाखालीसुद्धा पाहून घ्यायची.

वजन थोडं वाढलं आणि ऑपरेशन झालं. आता जखम भरायची होती. खायला परवानगी मिळाली त्या दिवशी आत्या स्वतः डबा घेऊन दवाखान्यात आली. मुडदुशाचे काटे तिने घरीच काढले होते.

"खा गो वहिनी. आता वाटेकरी नाही कोण."

आईने ओठ मिटून घेतले. आत्याला सोडून ती माझ्याकडे बघत होती.

"सगळी निघाली ना? थोडी आत राहिली असेल, तर हे तिलाच जायचं."

सकाळी डॉक्टर बाबांना व्हरांड्यात म्हणाले होते, आत्ताच काही सांगता येत नाही. मी तिथेच उभी होते.

"सगळी निघाली," मी म्हटलं.

मी खोटं बोलते आहे का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मी डब्यातला चमचा भरून तिच्या ओठांपुढे धरून ठेवला. मग तिने तोंड उघडलं, पण नजर काढली नाही.